चित्र येत नाही, कलेचा तास कसा घेऊ?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. मला चित्रकला येत नाही. फळ्यावर डोंगर, नदी, घर काढून देते. मुलं तेच उतरवतात. साहित्यही तुटपुंजं आहे. काय करावं?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : ताई, कलेच्या तासाला शिक्षकाचा हात चित्रात बसलेला असावा लागतो, हा गैरसमज आधी काढून टाका. या वयात हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा मुलांनी नीट पाहणं आणि करून बघणं मोलाचं.

सुरुवात ठसेकामाने करा. भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. ओल्या स्पंजावर पोस्टर कलर पसरून ठसा उमटवा. रंग पातळ झाला तर ठसा पसरतो.

पुढच्या तासाला वारली चित्र घ्या. टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर्तुळ म्हणजे डोकं, रेषा म्हणजे हातपाय. कागदाला गेरू लावून वाळू द्या; त्यावर काडीने पांढरा रंग. विषय मुलांचेच ठेवा : मधली सुट्टी, हापशावरची गर्दी.

रंग नसतील तर जुन्या वर्तमानपत्राचे कपटे फाडून चिकटकाम करा.

भेंडी तुम्हीच कापा. रंगपंचमीचे रंग वापरू नका. मुलाच्या चित्रावर स्वतः पेन्सिल फिरवू नका. ‘‘यात काय चाललंय, सांग बरं,’’ असं विचारा. आणि भिंतीवर निवडक नव्हे, सगळ्यांची चित्रं लावा.