मालेगावचं रीडिंग

इस्लाम, लोकशाही, अतिरेकी आणि पाश्चात्त्य देश हे चार शब्द पेपरात नेहमी एकत्र येतात. त्यातून एक सोपं समीकरण तयार झालंय, 'इस्लाम आणि लोकशाही एकत्र नांदूच शकत नाहीत.' अमेरिकेतल्या सॅम्युएल हंटिंग्टन यांनी १९९३ साली संस्कृतींच्या संघर्षावर लेख लिहिला. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर अनेकांनी तो भविष्यवाणीच ठरवला. पण मित्रांनो, आपण इंजिनिअरिंगवाले. समीकरण मांडलं की रीडिंग घ्यायला हवं ना? मी देवळ्याची. आमच्या शेजारीच मालेगाव आहे. तिथेच घेऊ.

पहिलं रीडिंग मतपेटीचं. मालेगाव हे यंत्रमागाचं आणि मुस्लिम बहुसंख्येचं शहर. समाजवादी नेते निहाल अहमद इथून अनेकदा आमदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. २००९ साली मुफ्ती मोहम्मद इस्माईल हे धर्मगुरू निवडून आले. म्हणजे आता धर्माचं राज्य आलं का? छे! २०१४ साली त्याच मतदारांनी त्यांना पाडलं, २०१९ ला परत आणलं आणि २०२४ ला ते फक्त १६२ मतांनी वाचले. मुफ्ती असो की महंत, मतांसाठी दारोदार फिरावंच लागतं. इंडोनेशियासारख्या मोठ्या मुस्लिम देशातही २००४ पासून लोक थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडतात. उलट १९५३ साली इराणमध्ये पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार पाडण्यात लोकशाहीचे धडे देणाऱ्या अमेरिका आणि ब्रिटनचाच हात होता!

दुसरं रीडिंग २६ ऑक्टोबर २००१ चं. अमेरिकेने अफगाणिस्तानवर बॉम्बहल्ले सुरू केले होते. शुक्रवारच्या नमाजानंतर मालेगावात अमेरिकन मालावर बहिष्कार टाका, अशी पत्रकं वाटली जात होती. परदेशी मालावर बहिष्कार हे तर टिळकांच्या काळापासूनचं आपलं शस्त्र. पण पत्रकांवरून पोलिसांशी बाचाबाची झाली. मग दगडफेक, जाळपोळ, गोळीबार. दंगल आजूबाजूच्या गावांत पसरली आणि दहाहून अधिक माणसं गेली. युद्ध अमेरिकेचं, मेली आपल्या जिल्ह्यातली माणसं.

तिसरं रीडिंग सगळ्यात कठीण. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं मेली, बहुतेक मुस्लिमच. पकडले गेले तेही नऊ मुस्लिम. २०११ मध्ये जामीन मिळेपर्यंत पाच वर्षं गेली, आणि २०१६ साली कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. २००८ च्या भिक्खू चौकातल्या स्फोटात सहा जण गेले. त्या खटल्यातले सातही हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी सुटले. मग स्फोट केले कोणी? ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना याचं उत्तर मिळालेलं नाही.

प्रॅक्टिकलला काही जण आधी रिझल्ट लिहितात आणि मग उलटं जाऊन रीडिंग भरतात. सरांनी पकडलं तर जर्नल परत येतं, बस्स. पण तपासात असं झालं तर निर्दोष माणसाची वर्षं परत येत नाहीत, आणि खरा गुन्हेगार मोकळा फिरतो.

इस्लामचं नाव घेऊन हिंसा करणारे आहेतच. न्यूयॉर्क आणि २६/११ ची मुंबई कोण विसरेल? पण अतिरेक्याला काय हवं असतं? 'मतपेटी आणि कोर्ट तुमच्यासाठी नाहीत' हे आपल्या लोकांना पटवायचं असतं. प्रत्येक चुकीची अटक, आडनाव बघून नाकारलेली प्रत्येक भाड्याची खोली त्याची फुकट जाहिरात करते. मालेगावकरांनी मात्र एवढं सोसूनही मतदानाची रांग सोडली नाही, कोर्टाची पायरीही सोडली नाही. म्हणून मला वाटतं, 'मुसलमानांना लोकशाही जमेल का' हा प्रश्नच उलटा आहे. आपली लोकशाही त्यांना आधी पुरावा मागून मग न्याय देते का, हे तपासायला हवं. ते रीडिंग अजून बरोबर येत नाहीये.