दसऱ्याला बंद, दिवाळीला कोरडं : बागेच्या स्प्रिंकलरची थंडीपूर्व तयारी

मंडळी, या सदरात आपण ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल आणि निवृत्तीच्या पैशांबद्दल वाचता. आज मी लिहिणार आहे लॉनखाली पुरलेल्या पाइपांबद्दल. विषय आरोग्य-अर्थ सदरात कसा बसतो, ते शेवटपर्यंत वाचलंत की पटेल. निदान माझ्या बँकेच्या खात्याला तरी ते चांगलंच पटलेलं आहे.

मध्य न्यू जर्सीतलं हे घर घेतलं तेव्हा लॉनमध्ये स्प्रिंकलर आधीपासून बसवलेले होते. दरवर्षी शरद ऋतूत माणूस बोलावून पाइपांमधलं पाणी हवेने बाहेर काढायचं, ज्याला इथे ब्लो-आऊट म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. पण 2017 च्या नोव्हेंबरात भाचीच्या लग्नासाठी पुण्याला जायची गडबड होती. खरेदी, बॅगांचं वजन, शेजाऱ्याकडे किल्ली देणं, या सगळ्यात ब्लो-आऊट राहून गेलं. निघायच्या आदल्या रात्री पत्नीने आठवण केली, "अहो, ते स्प्रिंकलरचं झालं का?" मी बेसमेंटमध्ये गेलो, स्प्रिंकलरच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि वर येऊन म्हणालो, "झालं."

ते झालेलं नव्हतं. त्या डिसेंबरअखेरीपासून 2018 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ईशान्य अमेरिकेत कडाक्याची थंडी पडली. आम्ही परत आलो तेव्हा घर जसंच्या तसं होतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो. एप्रिलमध्ये तोच व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि बाहेर लॉन बघायला गेलो. पाच-सात मिनिटांत बेसमेंटमधून हाक आली. भिंतीच्या आतला तांब्याचा पाइप फुटला होता. गालिचा भिजला, भिंतीचं ड्रायवॉल फुगलं आणि कोपऱ्यातल्या खोक्यांतले जुने दिवाळी अंक आणि आईने पाठवलेली निळी एरोग्राम पत्रं पाण्यात बसली. अंक गेले. पत्रं आम्ही दोरीवर वाळत घातली, त्यातली निम्मी आता वाचता येतात.

व्हॉल्व्ह तर बंद होता. मग पाइप फुटला कसा? हे मला प्लंबरने समजावलं. आजच्या लेखाचा धडा तोच आहे.

बंद करणं म्हणजे रिकामं करणं नव्हे

पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. आपला समज असा की बर्फ जिथे होतो तिथेच पाइप फुगून फुटतो. पुष्कळदा तसं होत नाही. भिंतीबाहेरच्या टोकाला आधी बर्फाचं बूच बसतं. थंडी वाढते तसं ते बूच आतल्या बाजूला वाढत जातं आणि पुढचं पाणी रेटतं. त्या पाण्याला मागे सरकायला वाट असेल तर ते निभावतं. पण मागे व्हॉल्व्ह बंद असेल तर पाणी बूच आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कोंडलं जातं. दाब वाढत जातो आणि पाइप सगळ्यात कमकुवत जागी चिरतो. ती जागा गोठलेलीच असते असं नाही. म्हणजे मी व्हॉल्व्ह बंद करून पाणी मागे ठेवलं, तेव्हा पाइपचं रक्षण केलं नाही, उलट पाण्याची कोंडी केली.

फुटलेला पाइप हिवाळाभर गप्प का होता? कारण व्हॉल्व्हमुळे नवीन पाणी येतच नव्हतं. चीर पडलेली होती, ती एप्रिलमध्ये बोलली.

बाहेरची ती पितळी वस्तू

घराच्या बाहेरच्या भिंतीपाशी जमिनीपासून फूट-दोन फूट उंचीवर एक पितळी यंत्र दिसतं. त्याला टोपी असते, दोन हँडल असतात आणि बाजूला दोन छोट्या स्क्रूच्या तोट्या. त्याला बॅकफ्लो प्रिव्हेंटर म्हणतात. पुष्कळ घरांत त्याचा प्रेशर व्हॅक्यूम ब्रेकर हा प्रकार असतो. गोठणाऱ्या थंडीत सगळ्यात आधी तडा जातो तो यालाच, कारण ते उघड्यावर असतं.

आरोग्याचा संबंध इथे येतो. स्प्रिंकलरची तोंडं मातीत असतात. तिथे खत असतं, तणनाशक असतं, शेजारच्या कुत्र्याचा प्रसादही असतो. रस्त्यावरच्या मुख्य नळाचा दाब एकदम उतरला, उदाहरणार्थ आग विझवायला हायड्रंट उघडला, तर हे मातीचं पाणी उलटं आपल्या पिण्याच्या पाण्यात ओढलं जाऊ शकतं. दाब उतरताच या यंत्रातली स्प्रिंगची झडप मिटते आणि वरून हवा आत येऊन ती ओढ तोडते. माझ्या यंत्राला तडा गेलेला पाहून मी प्लंबरला विचारलं होतं, "हे काढून सरळ पाइप जोडला तर स्वस्त पडेल ना?" त्याने मला आधी हे सगळं सांगितलं आणि मग नकार दिला. त्याचे आभार. आपल्यापैकी कुणाच्या मनात हा विचार आला तर तो तिथेच सोडून द्या.

काय करायचं, कोणत्या क्रमाने

1. आधी कंट्रोलर, म्हणजे टायमर, "ऑफ" किंवा "रेन" वर ठेवा. प्लग काढू नका, म्हणजे वेळा पुसल्या जाणार नाहीत. टायमर चालू राहिला तर थंडीच्या पहाटे फुटपाथवर बर्फाचा थर होतो आणि कुणीतरी घसरून पडतं.

2. बेसमेंटमधला स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद करा. दांड्याचं हँडल पाइपला आडवं आलं की तो बंद.

3. त्या व्हॉल्व्हजवळ पाणी काढायची छोटी टोपी असते. खाली बादली ठेवून ती उघडा. बाहेरच्या पितळी यंत्राच्या दोन्ही तोट्या स्क्रूड्रायव्हरने उघडा, म्हणजे वरून हवा शिरेल आणि भिंतीतल्या पाइपचं पाणी बादलीत उतरेल. मी चुकवलेली पायरी हीच. दहा मिनिटांचं काम आहे आणि कुणालाही जमतं.

4. आता जमिनीखालचे पाइप. ते साधारण 8 ते 12 इंच खोल असतात आणि आपल्याकडची कडक थंडी त्याच्याही खाली पोचते. तिथलं पाणी कॉम्प्रेसरच्या हवेनेच निघतं. हे काम जाणकाराकडून करून घ्या. गॅरेजमधला टायर भरायचा छोटा कॉम्प्रेसर उपयोगाचा नाही, कारण इथे दाबापेक्षा हवेचं प्रमाण महत्त्वाचं असतं. दाब वाढवून ती कसर भरायला गेलात तर पाइप फुटेल. काळ्या लवचिक पाइपला 50 पीएसआय आणि पांढऱ्या पीव्हीसीला 80 पीएसआय, याच्या वर दाब नको.

माणूस काम करत असताना तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. हवा पितळी यंत्रातून न जाता त्याच्या पुढच्या जोडातून सोडली पाहिजे. सगळ्यात लांबच्या झोनपासून सुरुवात करून एका वेळी एकच झोन उघडा असला पाहिजे. आणि पाण्याऐवजी नुसतं धुकं यायला लागलं की तो झोन थांबवला पाहिजे. एका झोनला सलग दोन मिनिटांहून जास्त हवा देऊ नये. कोरड्या हवेने आतले प्लॅस्टिकचे दाते तापून झिजतात. त्याऐवजी थोड्या वेळाने दुसरी छोटी फेरी द्यावी. मुलांना आणि नातवंडांना घरात ठेवा. दाबाची हवा डोळ्याला इजा करू शकते, म्हणून चष्मा घालावा आणि कोणत्याही स्प्रिंकलरवर वाकून पाहू नये.

5. शेवटी पितळी यंत्राची दोन्ही हँडलं अर्धी तिरकी, म्हणजे 45 अंशांवर, ठेवा. या व्हॉल्व्हच्या आत गोळा असतो. तो पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडा असला तर त्याच्या भोवती थोडं पाणी अडकून राहतं. तोट्याही अर्ध्या उघड्या ठेवा.

6. बेसमेंटमधली बादली दुसऱ्या दिवशी पाहा. थेंब चालूच असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि रिकामा केलेला पाइप पुन्हा भरतो आहे. थंडीआधी तो दुरुस्त करून घ्या.

7. बागेच्या नळाला लावलेला रबरी होज काढून ठेवा. न गोठणारा म्हणून विकलेला नळसुद्धा होज तसाच राहिला तर रिकामा होत नाही आणि फुटतो.

पितळी यंत्रावर फोमची पिशवी घातली तर पुरेल का, असं काहीजण विचारतात. गोधडी आपल्याला ऊब देते, कारण ऊब आपल्या अंगात असते. साचलेल्या पाण्याच्या पाइपला स्वतःची ऊब नसते. पिशवी एखादी अवचित थंड रात्र निभावून नेईल, हिवाळा नाही. टेक्सासमध्ये मुलं किंवा नातेवाईक असतील तर त्यांनाही सांगा. तिकडे पुष्कळजण ब्लो-आऊट करत नाहीत. पण 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलसमध्ये पारा उणे 2 फॅरनहाइटपर्यंत गेला होता. थंडीचा इशारा आला की निदान व्हॉल्व्ह बंद करून तोट्यांतून पाणी काढायला त्यांनी शिकावं.

हिशोब

त्या वर्षी ब्लो-आऊटला 95 डॉलर लागले असते. प्लंबरने पाइप आणि नवीन यंत्राचे 685 घेतले. बेसमेंट सुकवून ड्रायवॉल बसवायला 1,400 लागले. एकूण 2,085 डॉलर, म्हणजे जवळजवळ 22 वर्षांचं ब्लो-आऊट. माझ्या विम्यात पाइपची दुरुस्ती बसत नव्हती आणि डिडक्टिबल 1,000 डॉलरचं. उरलेल्या 400 साठी क्लेम नोंदवून घ्यावा असं मला वाटलं नाही. आपली पॉलिसी एकदा काढून वाचा. घर रिकामं ठेवून महिना-दीड महिना भारतात जाणाऱ्यांनी तर थंडीने फुटणाऱ्या पाइपांबद्दलचं कलम जरूर वाचावं. माणूस बोलावताना त्याचं प्रमाणपत्र विचारायला संकोच करू नका.

तारीख कशी लक्षात ठेवायची? आमच्या घरी आता नियम आहे. दसऱ्याला टायमर बंद. त्या सुमाराला हिरवळीला पावसाचं पाणी बहुधा पुरतं, नवीन बी पेरलेल्या जागी होजने पाणी घालावं. दिवाळीच्या साफसफाईत ब्लो-आऊट. दिवाळी नोव्हेंबरात गेली तर ऑक्टोबर संपायच्या आत. आणि एप्रिलमध्ये आधी तोट्या मिटवून, हँडलं उघडून, मग बेसमेंटचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा. त्या वेळी घरातल्या एकाने खाली उभं राहून भिंतीकडे पाहायचं.

यंदा पत्नीने पुन्हा विचारलं, "स्प्रिंकलरचं झालं का?" मी तिला बेसमेंटमध्ये नेऊन कोरडी बादली दाखवली. आता आमच्याकडे "झालं" या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, बादली पाहावी लागते. आपणही पाहा.