मनूच्या रिसेप्शनसाठी

चि. मनू,



तुझी यादी मिळाली. साताऱ्याचं कार्यालय ठरलं, मार्गशीर्षातली तारीख ठरली, आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला भरगच्च जेवणाऐवजी फराळाचं ठेवून होईल तितक्या कमी कचऱ्यात सगळं उरकायचं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. वाचून फार बरं वाटलं. पण तुझ्या यादीत पहिल्याच ओळीत सुपारीच्या पानाच्या ताटल्या आहेत आणि अगदी तळाला ‘मेनू: केटररशी बोलून’ एवढंच लिहिलंय. हा क्रम उलटा कर. केटरिंगमध्ये आयुष्य काढल्यावर माझं ठाम मत झालंय की लग्नातला निम्मा कचरा मेनू आणि माणसांचा आकडा पक्का होतो त्या दिवशीच ठरून जातो. ताटली कशाची, हा प्रश्न त्यानंतरचा.

कार्यक्रम आटोपल्यावर कुठल्याही कार्यालयाच्या मागे, भांडी घासायला बसतात तिथे एकदा जाऊन ये. खरकट्याच्या बादल्या ओळीने लावलेल्या असतात. त्यात एक चावा घेतलेले गुलाबजाम असतात, पनीरचे तुकडे असतात, नूडल्स आणि पुलाव एकमेकांत कालवलेले असतात, आणि वर शेवपुरीचे तसेच भरलेले द्रोण. माणसं माजलीत म्हणून टाकत नाहीत गं. पंधरा-वीस पदार्थ मांडले की प्रत्येकाला सगळ्याची थोडी चव घ्यावीशी वाटते, ताटात सगळ्याचा रस्सा एक होतो, आणि मग त्यातलं काहीच धड खाववत नाही. चार पदार्थ ठेव, पण गरम ठेव आणि पुन्हापुन्हा मिळतील असे ठेव. ताटं आपोआप स्वच्छ परत येतील.

आता ते चार कुठले? ‘उरलं तर त्याचं काय होईल?’ हे प्रत्येक पदार्थाच्या बाबतीत आधी विचार. ज्याची शेवटची पायरी पाहुणा दारात आल्यावर करता येते, तो पदार्थ आपल्या कामाचा. कोथिंबीर वडीचंच बघ. त्या दिवसांत कोथिंबीर भरपूर आणि स्वस्त असते. सकाळी बेसनात कोथिंबीर, तीळ, आलं-मिरची घालून उंडे वळायचे, उकडायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचे. गरम असताना कापलेली वडी तळताना फुटते, म्हणून कापायची घाई करू द्यायची नाही. संध्याकाळी हॉल भरेल तसतसा एकेक घाणा काढायचा. रात्री दहाला दोन उंडे उरलेच, तर ते फ्रीजमध्ये जातात आणि दुसऱ्या दिवशी घरच्या पाहुण्यांच्या नाश्त्याला येतात. अळूवडीचंही तसंच. बटाटेवड्याचं सारण आणि पीठ वेगवेगळं राहतं, त्यामुळे तिथेही हात आखडता येतो. याउलट साबुदाणा एकदा भिजला की वापरावाच लागतो, दहीवडे उरले की संपले, आणि चाटच्या काउंटरला माणशी दोन-तीन द्रोण आणि तितकेच चमचे जातात. तुझ्या नवऱ्याला पाणीपुरी आवडते, हे मला ठाऊक आहे. ती त्याला मेंदीच्या दिवशी घरी पोटभर करून घाल.

तेव्हा माझं म्हणणं असं: कोथिंबीर वडी, बटाटेवडा, लसणाची कोरडी चटणी म्हणजे वाटीची गरज नाही, आणि गोडाला सातारचा कंदी पेढा. पेढ्याला वाटी लागत नाही, चमचा लागत नाही, आणि उरला तर दोन दिवस खुशाल टिकतो. चौथा पदार्थ मसालेभात. माण-खटावकडून गाडी करून आलेली माणसं परत घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होणार, त्यांना दोन वड्यांवर पाठवायचं नाही. कचरा वाचवण्याच्या नादात पाहुणा अर्धपोटी गेला, तर ते मला अजिबात चालायचं नाही. थंडी असेल, म्हणून सरबतं नकोत. गवती चहा आणि आलं घातलेला चहा ठेव, लहान मुलांना मसाला दूध.

माणसांच्या आकड्याबद्दल मात्र कडक राहा. आपल्याकडे पत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार’ छापतात आणि येणार-नाही येणारचं उत्तर कोणी कळवत नाही. मग यजमान घाबरून शंभर पानं जास्त सांगतो. तू असं कर, घरांची यादी दोन चुलतभावंडांत वाटून दे आणि कार्याच्या आठ दिवस आधी प्रत्येक घरी फोन करायला लाव. ‘किती जण येताय?’ असं सरळ विचारलेलं कोणाला खटकत नाही. उलट आठवणीने फोन केला म्हणून बरं वाटतं. केटरर किमान अमुक ताटांचे पैसे घेणारच. तो किमान आकडा खाली धर, आणि जास्त माणसं आली तर ऐन वेळी तो किती वाढवून देईल, ते लिहून घे. मुख्य आचाऱ्याला एकच सूचना दे: पहिल्या तासात निम्म्याहून जास्त माल तळायचा नाही.

आता ताटल्या. कार्यालयाकडे स्टीलची ताटं आणि काचेचे ग्लास असतील, तर आधी तेच घे. चहाला कागदी कप नकोत, त्यांना आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. भाजलेल्या मातीचे कुल्हडही एकदा वापरून फोडायचे असतील, तर मला पटत नाहीत. भट्टीत एवढं जळण घालवून घोटभर चहासाठी भांडं करायचं कशाला? मात्र हेच लग्न वैशाखात, टँकरवर चालणाऱ्या गावात असतं, तर मी तुला शेकडो ताटं घासू दिली नसती, पत्रावळीच घ्यायला लावली असती. पत्रावळ घ्यावी लागलीच तर पळसाची घे, पण घेण्याआधी एक भिजवून बघ. मशीनवर दाबलेल्या काही पत्रावळींना खालून प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. पाण्यात ठेवली की तो नखाने सुटून येतो.

प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि मिठाईच्या खोक्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचा चकचकीत प्लॅस्टिकचा कागदही त्याच यादीत आहे. पेढेवाल्याला हे आधीच सांगून ठेव, नाहीतर तो सवयीने गुंडाळून देईल. पाण्याच्या छोट्या बाटल्या तर नकोतच. लोक दोन घोट पिऊन खुर्चीखाली ठेवतात. झाकणाचे मोठे पिंप, ओगराळं आणि पाणी द्यायला कॉलेजातली दोन हुशार पोरं, एवढं पुरतं. त्या पोरांना जेवण आणि चांगले पैसे मात्र दे.

इतकं करूनही काही उरेल. पुण्या-मुंबईत रॉबिन हूड आर्मीसारख्या गटांचे स्वयंसेवक असं अन्न घेऊन जातात. तुम्ही साताऱ्यात एखाद्या वसतिगृहाशी आधी बोलून ठेवा, रात्री साडेदहाला फोन फिरवत बसू नका. द्यायचं ते पातेल्यातलं, कोणाचा हात न लागलेलं आणि गरम असलेलंच. काउंटरवर तीन तास उघडं पडलेलं अन्न आपण दुसऱ्या दिवशी खाणार नसू, तर ते दुसऱ्याच्या मुलांना द्यायचं नाही.

अक्षतांसाठी मुठी मुठी तांदूळ पायदळी जातात, ते मला लहानपणापासून खुपतं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती चिमूटभर अक्षता दे, बाकी मंडळींना झेंडूच्या पाकळ्या. साडीचा विषय मी काढत नाही, तुझ्या आईची पैठणी तू नेसणार हे ऐकून माझे डोळे भरून आले.

राहिल्या विहीणबाई. त्यांना ‘इको-फ्रेंडली’ वगैरे शब्द ऐकवू नकोस, आणि हॉलमध्ये अन्न वाया घालवू नका अशा पाट्याही लावू नकोस. बोलावलेल्या माणसाला पाटीवरून शहाणपण शिकवणं बरं दिसत नाही. मेनू त्यांना एकदा करून वाढ. त्यातूनही त्या ‘लोक काय म्हणतील’ म्हणाल्याच, तर शांतपणे सांग की बेताच्या खर्चातलं लग्न याच मातीतलं आहे. सावित्रीबाई फुले याच जिल्ह्यातल्या नायगावच्या, जोतीरावांचं मूळ गाव कटगुणही इथलंच, आणि त्यांच्याच सत्यशोधक पद्धतीचा, बेताच्या खर्चातला पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ ला लागला. त्या काळी त्यांनी किती विरोध सोसला असेल! आपल्याला फक्त पदार्थ कमी करायचेत. आणि विहीणबाईंचा एखाद्या पदार्थाचा हट्ट असेल तर तो ठेव, त्याच्या बदल्यात आपला एक काढ. चाराचे पाच होऊ देऊ नकोस.

आचाऱ्याला भेटायला जाशील तेव्हा मला आदल्या दिवशी कळव. मी सकाळच्या एसटीने येते. त्याचं तेल कुठलं आणि तळलेलं तेल तो पुढे कशात वापरतो, हे मला समोरासमोर विचारायचंय.

तुझी,
मावशी

ता. क. डेकोरेटरला विचार की फुलं कशात टोचणार. तो हिरवा ओला स्पंज वापरत असेल तर नको म्हण, ते प्लॅस्टिकच असतं आणि कुजत नाही, नुसता त्याचा भुगा होतो. झेंडू-शेवंतीच्या ओवलेल्या माळा आणि आंब्याचे टाळे मांडवाला पुरेसे शोभतात.