फायरचा कोर्स करायला निघालेल्यांसाठी

अग्निशमन दलाच्या भरतीत गर्दी दिसते ती मैदानावर. पण चांगली चांगली मुलं बाद होतात ती कागदपत्रं तपासायच्या टेबलावर. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्या टेबलामागे बसायची पाळी माझ्यावर वरचेवर आली. धावण्यात पुढे असलेला, छातीत दम असलेला मुलगा समोर येतो, फाइल उघडतो आणि प्लास्टिकमध्ये घातलेलं गुळगुळीत प्रमाणपत्र काढून ठेवतो. सोनेरी शिक्का, राजमुद्रेचा भास होईल असं चित्र आणि 'डिप्लोमा इन फायर अँड सेफ्टी' अशी ठळक अक्षरं. जाहिरातीत ज्या केंद्राचं प्रशिक्षण मागितलंय, त्याचं नाव मात्र कुठेच नाही.

असाच एक मुलगा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, फी त्यांच्या पीएफमधून काढलेली. मी प्रमाणपत्र बाजूला ठेवल्यावर म्हणाला, "साहेब, आमच्या सरांनी सांगितलंय, गव्हर्नमेंट मान्यता आहे."

"कोणत्या खात्याची?"

"आयएसओ आहे ना साहेब."

हसावं की रडावं कळेना. आयएसओ म्हणजे संस्थेचा कारभार ठरावीक पद्धतीने चालतो एवढाच दाखला. तो बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतो. ट्रस्टची नोंदणी, एमएसएमईची नोंदणी हेही तसंच. ही सगळी कागदपत्रं खरी असतात, म्हणून तर माणूस फसतो. खोटं असं त्यात काहीच नसतं, फक्त त्यांचा अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी संबंध नसतो. तेव्हा 'मान्यता आहे का' असं विचारू नका. कुणाची, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोणत्या पत्रान्वये, असं विचारा आणि ते पत्र बघायला मागा. खरी मान्यता असलेला माणूस ते पत्र भिंतीवर लावून ठेवतो. नसलेला तुम्हाला चहा पाजतो आणि आधीच्या बॅचच्या मुलांचे फोटो दाखवतो.

माझा सल्ला उलट्या बाजूने सुरू होतो. कोर्स शोधण्याआधी नोकरीची जाहिरात शोधा. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर, जिथे जायचंय तिथल्या महापालिकेची मागची भरतीची जाहिरात काढा आणि शैक्षणिक अर्हतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा. फायरमनच्या पदासाठी बहुतेक वेळा तिथे राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा पाठ्यक्रम लिहिलेला सापडेल. हे केंद्र मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, विद्यानगरी भागात आहे आणि ते महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचं आहे. पदवीधरांसाठी तिथेच उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी हा वर्षभराचा पाठ्यक्रम चालतो. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृहखात्याचं, १९५६ साली स्थापन झालेलं. सब ऑफिसरपासून वरचे अभ्यासक्रम आणि फायर इंजिनिअरिंगची पदवी तिथे मिळते. हे मुलींचं क्षेत्र नव्हे असं कुणी म्हणालं, तर त्याला सांगा की नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी २००२ मध्ये या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे त्या ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत गेल्या.

सगळीकडे एकच नियम नाही, हेही लक्षात ठेवा. मुंबई अग्निशमन दलाने बारावी झालेली मुलं भरतीत घेऊन स्वतः शिकवलेली आहेत. तिथे आधीचा डिप्लोमा असला काय, नसला काय. म्हणजे ज्या वर्षात तुम्ही फी भरून बाकावर बसाल, ते वर्ष धावण्यात आणि अभ्यासात घातलं तर फायदा जास्त. आणि कुठेही जायच्या आधी उंची मोजून घ्या. भिंतीला टेकून, चप्पल काढून, घरच्या माणसाकडून. पुरुषांना साधारणपणे १६५ सेंटिमीटर लागते. दीड सेंटिमीटर कमी असलेल्या मुलाला खाजगी संस्थेत कुणी अडवत नाही. फी घेणाऱ्याला तुमच्या उंचीशी काय करायचंय?

आता कागद सोडून कामाकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

आमच्याकडचा डिलिव्हरी होज सहसा ६३ मिलिमीटर व्यासाचा आणि १५ मीटर लांबीचा. रिकामा असताना गुंडाळी करून पोरगा तो सहज काखेत मारतो. पंपाने पाणी सोडलं की त्या एका लांबीत ४७ लिटरच्या आसपास पाणी भरतं, म्हणजे तेवढेच किलो. असे चार होज जोडून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर न्यायचे, प्रत्येक लँडिंगवर वळण देताना पीळ पडू द्यायचा नाही, आणि वर ब्रँच, म्हणजे पाणी मारायची टोकाची नळी, धरून उभं राहायचं. ब्रँच माणसाला मागे रेटतो. पाय पुढेमागे रोवून, होज अंगाशी दाबून, मागे दुसऱ्याचा खांदा घेऊन उभं राहावं लागतं. हे मी चार ओळींत लिहिलं आणि तुम्ही वाचलं, म्हणून कुणाला येत नाही. हाताला ते शंभरदा करून येतं. कपलिंगचं फिमेल टोक आगीकडे आणि मेल पंपाकडे, हे पाठ असलेला, वर्षभराचा डिप्लोमा झालेला एक ट्रेनी आमच्याबरोबर रात्रीच्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या कॉलवर, होता. धावत जाऊन त्याने सगळी लाइन उलटी अंथरली. खाली पंप ऑपरेटर हातात टोक धरून शिव्या घालतोय आणि वर गॅलरीतून माणसं ओरडताहेत. दुसरी लाइन टाकून वेळ निभावली. त्या पोराचा काय दोष? त्याच्या संस्थेत होज होता, तो फळ्यावर.

श्वसनयंत्राचं, म्हणजे बीए सेटचं, तर याहून नाजूक. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, असा हिशेब पुस्तकात असतो. पण जिना चढून दमलेला, धुरात काही दिसत नसलेला नवखा माणूस ४० लिटरवर थोडाच थांबतो! पंचेचाळीसची तीस कधी होतात, त्याला कळतही नाही. ५०-५५ बारच्या आसपास शिट्टी वाजायला लागते. ती वाजल्यावर परत फिरायचं नसतं, तोवर बाहेर पोचलेलं असायचं असतं. मास्कखाली दाढीची खुंटं असली तरी कडा नीट बसत नाही. ज्याने अंधाऱ्या खोलीत मास्क लावून गुडघ्यावर रांगत भिंत चाचपली नाही, त्याला बीए सेट येतो असं मी तरी मानणार नाही.

निवृत्तीनंतर एका खाजगी संस्थेने मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. काचेच्या कपाटात तीन बीए सेट मांडलेले, तिन्हींचा काटा शून्यावर. मी विचारलं, सिलिंडर कुठे भरून आणता? संचालकसाहेब म्हणाले, "प्रॅक्टिकलला आम्ही घालून दाखवतो ना." होज कोरे करकरीत, एकालाही चिखलाचा डाग नाही. मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये पेट्रोल पेटवून मुलांनी एकेक करून अग्निशामक मारला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. याला ते लाइव्ह फायर ट्रेनिंग म्हणतात. उघड्या मैदानात, वारा पाठीशी घेऊन, कंबरेएवढी आग विझवणं सोसायटीच्या वॉचमनला शिकवण्यापुरतं ठीक आहे. असे कार्यक्रम एप्रिलमध्ये फार होतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्याच आठवड्यात 'प्रवेश सुरू, १००% जॉब गॅरंटी' असे फलक लागलेले पाहिले की माझं डोकं फिरतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी संस्थेत स्वतः जा, आणि वर्ग चालू असताना जा. होज ओले आहेत का बघा. चालू पंप, पाण्याची टाकी, चढायला शिडी आणि टॉवर, धुराची खोली आणि सिलिंडर भरायची सोय, यातलं किती आहे ते डोळ्यांनी बघा. शिकवणारा कोणत्या दलात होता, किती वर्षं वर्दीवर गेला, ते विचारा. फी एकरकमी भरू नका, पावती घ्या, आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. 'जमा ठेवायची पद्धत आहे' असं म्हणाले तर तिथून उठा.

सगळ्या खाजगी संस्था वाईट, असं मी म्हणत नाही. एमआयडीसीतल्या कंपन्या, मॉल, हॉस्पिटलं खाजगी डिप्लोमावर माणसं घेतात. तसं काम हवं असेल तर त्या कंपनीच्या फायर विभागात जाऊन विचारा, कुठल्या संस्थेची मुलं टिकतात. आयटीआयमध्येही फायर टेक्नॉलॉजी आणि इंडस्ट्रियल सेफ्टीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याची फी तुलनेने परवडणारी आणि परीक्षा सरकारी. पण 'फायर'च्या दाराने आत घेऊन 'सेफ्टी ऑफिसर व्हाल' असं कुणी सांगितलं तर सावध व्हा. ती वाट वेगळी. १९४८ च्या कारखाना कायद्याने हजार किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी ठेवायला लावला, आणि त्यासाठी पदवी किंवा पदविका, कारखान्यातला अनुभव आणि वर औद्योगिक सुरक्षेची पदविका असं सगळं लागत आलंय. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत ही पदविका शिकवतात. दहावीनंतर सहा महिन्यांत ते पद मिळत नाही.

आपत्तीत मदतीला धावायची हौस असेल आणि नोकरीची घाई नसेल, तर 'आपदा मित्र'ची चौकशी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करा. बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, तेही विनामूल्य. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे नेमणूक नव्हे, पण पुराच्या पाण्यात दोर कसा टाकायचा ते तरी कळेल. सीपीआर पुतळ्यावर हात ठेवूनच शिका. छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. पहिल्या मिनिटातच हात भरून येतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस प्रमाणपत्राची मुदत दोनच वर्षांची असते, ती उगीच नाही. अंगात मुरलेलं कसबही वापराविना बुजतं. आमच्याकडे रोज सकाळी ड्रिल घ्यायचे ते त्यासाठीच.

घरच्यांशीही एकदा नीट बोलून घ्या. पेन्शनची नोकरी एवढंच डोक्यात ठेवून मुलाला पाठवणारे वडील मी पुष्कळ पाहिले. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. दलातली अत्यंत अनुभवी माणसं होती ती. हे ऐकून आई नको म्हणाली तर तिच्यावर चिडू नका.

आणि एवढं वाचूनही काही अडलं, तर जवळच्या अग्निशमन केंद्रावर जा. सकाळी हजेरीच्या वेळी जाऊ नका, कुणी दारात उभं करणार नाही. ड्रिल आणि गाड्यांची तपासणी उरकली की मग जा. साहेबांच्या केबिनकडे न वळता गाडीजवळच्या पंप ऑपरेटरला किंवा लीडिंग फायरमनला गाठा. तुमच्या गावातल्या कोणत्या संस्थेची किती पोरं भरतीत लागली, हे त्याला तोंडपाठ असतं. बोलता बोलता वर्दी आली तर गाडीच्या वाटेतून पटकन बाजूला व्हा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.