खिशांतला वाटाड्या

पूर्वीं नवख्या मुलखांत शिरणारा प्रवासी वेशीवरील माणसास वाट विचारीत असे. हल्लीं तो खिशांतील फोनास विचारतो. बालमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांच्या घरीं असा फोन असेल. परंतु त्याला आपलें ठिकाण कळतें कसें, आणि तो फसतो कोठें, ह्याचा विचार थोडेच करतात. तो आज येथें करूं.

अमेरिकेचे दिशादर्शक उपग्रह भूपृष्ठापासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरतात. प्रत्येकांत अत्यंत अचूक घड्याळ असून तो आपली वेळ व आपलें स्थान रेडिओलहरींनीं एकसारखें कळवीत असतो. लहर पोंचण्यास किती वेळ लागला ह्यावरून अंतर निघतें, आणि चार उपग्रहांचीं अंतरें जमलीं म्हणजे फोन आपलें ठिकाण काढतो. भूमितीच्या तासाला कंटाळणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें! लहरीचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर. तेव्हां सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरांनीं चुकतें. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य जनांसाठींच्या संकेतांत मुद्दाम अशुद्धता ठेवीत असे. ती काढल्यावर ही सोय कितीतरी अधिक उपयोगाची झाली.

२००७ सालीं नोकिया कंपनीचा एन-९५ हा फोन बाजारांत आला. एकाच वस्तूंत फोन, कॅमेरा व वाटाड्या! मोटारींत बसविण्याचें निराळें यंत्र नको, हें आकर्षण कांहीं लहान नव्हतें. पण पहिलें ठिकाण सांपडेपर्यंत ताटकळावें लागे, बॅटरी झरझर उतरे, आणि वळणावळणावर बोलून मार्ग सांगण्याचे वेगळे पैसे पडत. ते पैसे नोकियानें २०१० सालीं माफ केले. मोबाईलच्या जाळ्याचें साहाय्य मिळूं लागल्यावर ठिकाणहि लवकर सांपडूं लागलें. बॅटरीची तक्रार मात्र अद्यापि सरलेली नाहीं. शिवाय आपण परवानगी दिली असली, तर आपण कोठें कोठें गेलों ह्याची नोंद परक्या कंपनीकडे जाते, हेंहि पालकांस ठाऊक असावें.

आमच्या मतें मोठी अडचण निराळीच आहे. उपग्रहामुळें "मी येथें आहें" एवढेंच कळतें. रस्ता त्याला ठाऊक नसतो. रस्ता नकाशांत असतो, आणि तो नकाशा बहुधा मोबाईलच्या जाळ्यांतून येतो. म्हणून सहलीस निघण्यापूर्वीं तो घरींच फोनांत उतरवून घेतलेला बरा. आम्हीं तो घेतला नव्हता.

गेल्या पावसाळ्यांत घाटमाथ्यावर जाळें तुटलें. फोनावर कोरें पान, आणि त्यावर आमचा निळा ठिपका मोठ्या ऐटींत चाललेला! पुढें जाळें आलें, तेव्हां फोनानें जवळची म्हणून एक वाट दाखविली. वळणार तोंच चहाच्या टपरीवरील आजोबांनीं हात केला.

"पाव्हणं, तिकडं नका जाऊ. सकाळधरनं फरशीवरून पाणी चाललंय."

आम्हीं गाडी मागें वळविली.