आतली झळ, बाहेरची झळ

वऱ्हाडातील एका तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून असताना, वयाच्या 48 व्या वर्षी, मे महिन्याच्या ऐन मध्यावर, दप्तर-तपासणीसाठी आलेल्या वरिष्ठांसमोर कागदपत्रे उलगडून दाखवीत असता मी भोवळ येऊन खाली कोसळले. आणि शुद्धीवर आल्यावर माझ्या तोंडून पहिला उद्गार निघाला तो "काही नाही, वयाचं आहे" हाच. गेले दीड वर्ष घरीदारी मी हेच सांगत आले होते. त्यात निम्मे सत्य होते, आणि त्या निम्म्या सत्यानेच माझा घात होऊ घातला होता.

पाळी अनियमित झाली तेव्हापासून छातीतून एकाएकी उष्णतेचा लोट उठे, तो मानेवरून चेहऱ्यावर चढे, कानाच्या पाळ्या तापत, घामाच्या धारा लागत, आणि चार-पाच मिनिटांनी, बाहेर 44 अंशांची दुपार असली तरी, अंगावर शहारा येई. आमच्याकडे बायका याला 'वाफा येणे' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. मला त्याची लाज वाटे. घामाचे डाग दिसू नयेत म्हणून मी गडद रंगाच्या, न चुरगळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्या नेसू लागले. आणि कचेरीत स्त्रियांसाठी धड स्वच्छतागृह नसल्यामुळे सकाळी दहापासून सायंकाळी पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोट टाळण्याची जी जुनी सवय होती, ती भर वैशाखातही मोडली नाही.

या वाफांचे कारण मला फार उशिरा कळले. शरीराचे तापमान राखणारे केंद्र मेंदूच्या तळाशी असते. एरवी ते थोडाफार चढउतार निमूटपणे सोसते. परंतु रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटू लागले, की त्याच्या सोसण्याची मर्यादा आक्रसते, आणि अंगाच्या किंचितशा वाढलेल्या उष्णतेलाही ते महान संकट समजून त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उघडते आणि घाम सोडते. ज्या ऋतूत देह मुळातच त्या मर्यादेच्या काठावर उभा असतो, त्या ऋतूत गरम चहाचा एक पेला किंवा कोंदट खोलीही त्याला पुरेशी होते. शिवाय आमच्या वऱ्हाडच्या कोरड्या हवेत घाम अंगावर ठरत नाही, जागच्या जागी वाळतो. त्यामुळे किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही.

इस्पितळात रक्त तपासले, तेव्हा शरीरातील पाणी आणि सोडियम दोन्ही घटलेले आढळले. रक्तदाबासाठी मी घेत असलेली गोळी लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढणारी होती. उन्हाळा सुरू होताच तिच्याविषयी वैद्यांना विचारावे, हे मला सुचले नव्हते, कारण गळून जाणे, डोके जड होणे, पायांत गोळे येणे या साऱ्यांची नोंद मी 'वय' या एकाच खात्यावर करून मोकळी झाले होते. गोळी बदलली गेली. ती आपल्या मनाने कोणी बंद करू नये. पण उन्हाच्या आरंभी औषधांची यादी घेऊन वैद्यांकडे एकवार अवश्य जावे, आणि रक्तदाब असणारीने ताकात किती मीठ घालावे हेही त्यांनाच विचारावे.

सुट्टीवर असताना मी एक वही घातली. वाफ किती वाजता आली, त्याआधी काय खाल्ले-प्याले, कोठे बसले होते, एवढेच तीत लिहीत असे. तिसऱ्या प्रहरच्या कढत चहानंतर आणि रात्री ठेचा खाल्ल्यावर वाफ हटकून येते, हे पंधरा दिवसांत स्पष्ट झाले. चहा कोमट झाला, ठेचा रात्रीच्या ताटातून गेला. प्रत्येकीची कारणे वेगळी असतील, म्हणून माझी यादी कोणी उतरून घेऊ नये, वही मात्र घालावी. साड्या सुती झाल्या. उशाशी पाण्याचा तांब्या, ओले फडके आणि बदलायला पोलके असे. कूलरच्या बाबतीत तर आमचे घरच चुकत होते: उकाडा आत येऊ नये म्हणून आम्ही समोरची खिडकी लावून घेत असू, त्यामुळे दमट हवा खोलीतच साचे आणि घाम सुकत नसे. कूलर चालू असता हवेला बाहेर जाण्यास वाट हवीच. आणि मृगाच्या सरी पडून हवा दमट झाली, की त्यातील पाणी बंद करून नुसता पंखा लावावा.

एक भेद मात्र प्रत्येक घरात ठाऊक असावा. वाफ काही मिनिटांत ओसरते आणि ती असता माणूस भानावर असतो. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली, ताप 104 अंशांवर गेला, तर त्वचा कोरडी असो वा ओली, तो उष्माघात समजावा, आणि अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत तत्काळ इस्पितळ गाठावे. तसेच रात्रीच्या घामाबरोबर ताप, खोकला किंवा वजनातील घट असेल तर क्षयाची तपासणी करावी; आणि पाळी जाऊन 12 महिने लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर एक दिवसही दवडू नये.

वाफांवर संप्रेरकांचा उपचार सर्वांत गुणकारी असतो, आणि साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न उलटलेल्या बहुतेक निरोगी स्त्रियांना त्यापासून अपायापेक्षा लाभच अधिक होतो. माझ्या पायाच्या शिरेत पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असल्याने तो मार्ग मला बंद होता. स्तनाचा कर्करोग झालेल्यांनाही तो सहसा देत नाहीत. मला संप्रेरकविरहित गोळी मिळाली, तिने वाफा थांबल्या नाहीत, पण झोप लागू लागली.

कामावर पुन्हा रुजू झाले त्याच दिवशी टेबलाजवळ माठ ठेवून घेतला, आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहासाठी लेखी अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'अडचण' असा मोघम शब्द घालावा असे दोघींनी सुचविले होते. मी वैशाखातले ते पडणे, न प्यालेले पाणी आणि रजोनिवृत्ती, सारे उघड लिहिले, आणि त्याखाली आम्हां सातही जणींनी सह्या केल्या.