उरलेले चार इलेक्ट्रॉन

चि. चिऊस,


तू पाठवलेला वहीचा फोटो मोठा करून पाहिला. झेनॉन टेट्राफ्लोराइडच्या आकृतीत झेनॉनवर आधी दोन लोन पेअर दिल्या होत्यास, मग खोडल्यास. ‘आठाच्या वर इलेक्ट्रॉन कसे जातील?’ असंच वाटलं ना? अगं, पहिलंच बरोबर होतं.

ठिपके देण्याआधी बेरीज करत जा. झेनॉनचे ८, चार फ्लोरिनचे सात-सात म्हणजे २८, एकूण ३६. चार बंधांत ८ गेले. प्रत्येक फ्लोरिनला आणखी सहा दिले की त्याचं अष्टक भरलं. ते झाले २४. उरले ४. फ्लोरिनकडे आता जागा नाही, तेव्हा ते मधल्या अणूवर जाणार. झेनॉनभोवती १२ झाले, होऊ देत. जमाखर्चात रक्कम शिल्लक राहिली म्हणून कुणी ती खोडून टाकत नाही. शिवाय याच दोन जोड्या एक वर, एक खाली बसतात आणि चारही फ्लोरिन एका पातळीत, चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात. त्या खोडल्यास की रेणू चतुष्फलकीय वाटतो आणि आकाराचा पुढचा प्रश्नही हातचा जातो.

अष्टकाचा एवढा धाक बाळगू नकोस. ल्युईसने १९१६ साली बंधाचा आपला सिद्धांत मांडला, तेव्हा सल्फर हेक्झाफ्लोराइड तयार होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यात गंधकाभोवती सहा बंध, म्हणजे १२ इलेक्ट्रॉन. ल्युईसच्या लेखीही इलेक्ट्रॉनांची जोडी महत्त्वाची, आठाचा आकडा दुय्यम. झेनॉनला तर भलेभले रसायनतज्ज्ञ निष्क्रिय समजत होते. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेटच्या ध्यानात आलं की ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच झेनॉनला लागते. ऑक्सिजनवर चाललेलं प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड त्याने झेनॉनवर वापरलं आणि संयुग मिळालं. तुझं टेट्राफ्लोराइडही त्याच वर्षातलं.

मात्र ही मुभा तिसऱ्या आवर्तनापासून पुढे. फॉस्फरसचं पेंटाक्लोराइड आहे, नायट्रोजनचं नाही. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्यापैकी कुणाभोवती दहा ठिपके दिसले, तर डोळे मिटून खोड. पुस्तकं याचं कारण रिकामे डी-कक्षक असं देतात. परीक्षेत तेच लिही, वाद घालू नकोस. पण आधुनिक गणनांत त्या कक्षकांचा वाटा अगदी थोडा निघतो. मला अणूच्या आकाराचं कारण जास्त पटतं. फॉस्फरसभोवती पाच क्लोरिन मावतात, चिमुकल्या नायट्रोजनभोवती दाटी होते.

आयन आला की भार बेरजेत धरायला विसरू नकोस. ट्रायआयोडाइडमध्ये तीन आयोडिनचे २१ आणि ऋणभाराचा एक, असे २२. बंधांत चार, कडेच्या दोघांवर बारा, उरलेले सहा मधल्यावर. तीन लोन पेअर, आयन सरळ रेषेत.

रविवारी येशील तेव्हा क्लोरीन ट्रायफ्लोराइड काढून आण. बेरीज २८ यायला हवी आणि आकार इंग्रजी ‘टी’सारखा. त्रिकोण आलाच तर खोडरबर बाजूला ठेव आणि क्लोरीनवरच्या जोड्या पुन्हा मोज.

तुझी,
आत्या